पृष्ठ १७ वरच्या प्रश्नाबद्दल

आदरणीय परीक्षक,

मराठीत पत्राचा मायना लिहायचा तर समोरची व्यक्ती वयाने मोठी की लहान, घरची की परकी, हे ठाऊक असावे लागते. साष्टांग नमस्कार, सप्रेम नमस्कार की अनेक आशीर्वाद, हे त्यावरून ठरते. आपण माझा शोधनिबंध छापण्याआधी नियतकालिकासाठी तपासलात, पण आपल्याबाबत मला यांपैकी काहीच ठाऊक नाही. आपण स्त्री आहात की पुरुष, कोणत्या देशात राहता, किती वर्षे या विषयात काम करता, हे नियतकालिकाच्या नियमांनुसार मला कधीच कळणार नाही, आणि लेख छापून येईपर्यंत माझे नावही आपल्याला ठाऊक नव्हते. म्हणून नुसते सादर नमस्कार लिहिते. आपल्याला मराठी येत नाही, हे आपणच अभिप्रायात नमूद केले होते. तरीही हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीसाठी आपले आभार मानायचे आहेत ती एका मराठी शब्दाची आहे, आणि तो शब्द इंग्रजीत नेताना मी एकदा चुकले आहे.

माझा शोधनिबंध बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी होता. २०१९ साली हा विषय वर्तमानपत्रांतून गाजला, राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा जणी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची रीत निराळी असल्याने हे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, पण अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहेच. आकडे सर्वांसमोर होते. या स्त्रिया स्वतः ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगतात, हे मला लिहायचे होते. त्यासाठी मी दोन वर्षांत ४१ जणींशी बोलले, त्यातल्या कित्येकींशी तीन-तीनदा.

आपल्याकडे येण्यापूर्वी हा लेख बराच फिरला. एका नियतकालिकाने तो अकरा महिने ठेवून घेतला आणि दोन ओळींत परत केला. विषय त्यांच्या कक्षेत बसत नव्हता म्हणे, आणि हे त्यांना अकराव्या महिन्यात समजले. दुसऱ्या ठिकाणच्या परीक्षकांनी पाच ओळींचा अभिप्राय दिला. संख्या फार लहान आहे, स्त्रियांची कथने म्हणजे पुरावा नव्हे, आणि इंग्रजी सफाईदार नसल्याने ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावे, असे त्यात होते. त्याच पाच ओळींत त्यांनी माझ्या स्त्रियांना दोनदा ‘साखर कारखान्यातील कामगार’ म्हटले होते. ज्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर कधीच चढत नाही आणि ज्यांचा सारा हिशेब मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत असतो, त्या बायकांवरचा लेख पहिल्या पानाच्या पुढे वाचला असता, तर हे शब्द लिहिण्याचे धाडस कोणी केले नसते. संख्येबद्दल एवढेच सांगते की गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून झालेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ने छापला होता. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दोन गावे थोडी आहेत, असे म्हणून तो कोणी बाजूला ठेवला नाही. माझ्या लेखाची त्याच्याशी बरोबरी करण्याचा हेतू नाही, पण ‘लहान’ हा शब्द वाचण्याचा कंटाळा झाकायलाही वापरता येतो, हे मला त्या वेळी कळले.

तिसरा रस्ताही समोर होता. साडेतीन हजार रुपये भरले की दोन दिवसांत स्वीकृतीपत्र देणाऱ्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाचा निरोप मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाठवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली, तरी हा धंदा थांबला नाही. ‘बढतीसाठी गुण मिळाल्याशी कारण,’ असे ते सहकारी म्हणाले. ते मनाने वाईट नाहीत. इतकी वर्षे कोणीच काही वाचत नाही हे पाहून त्यांनी वाचले जाण्याची आशा सोडली आहे, इतकेच.

त्या पाच ओळींचा परिणाम मात्र माझ्यावर झाला, आणि तो आपल्याला सांगायलाच हवा. इंग्रजीवरचा शेरा मला लागला. मी पदरचे पैसे मोडून लेखाची भाषा तपासून घेतली, आणि तपासणाऱ्यांनी जिथे जिथे बायकांची वाक्ये ओबडधोबड वाटली तिथे ती घासून गुळगुळीत केली. मीही ती तशीच राहू दिली, कारण पुन्हा कोणी भाषेवर बोट ठेवू नये, एवढेच तेव्हा मनात होते. मूळ मराठी वाक्ये मी रोमन लिपीत परिशिष्टात ढकलली. परिशिष्ट कोण वाचतो?

आपण वाचलेत. आपल्या अभिप्रायात पद्धतीबद्दल, तक्त्यांबद्दल आणि संदर्भांबद्दल बऱ्याच सूचना होत्या. त्या रास्त होत्या आणि मी त्या पाळल्या. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आपण लिहिले होते, त्याचा आशय असा: मला मराठी येत नाही. पृष्ठ ९ वर कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार असे आहे आणि पृष्ठ १४ वर कोयता म्हणजे करारातले नवरा-बायकोचे जोडपे. पृष्ठ १७ वरची स्त्री परिशिष्टात ‘कोयता टिकला’ असे म्हणताना दिसते, तर भाषांतरात तिचा ‘रोजगार’ टिकला आहे. तिला यांपैकी नेमके काय टिकवायचे होते, हे आपण तिला विचारले का? आणि त्याखाली एक ओळ होती, की हंगाम संपून त्या गावी परतेपर्यंत हे विचारता येणार नसेल तर दुरुस्तीला लागेल तेवढी मुदत द्यावी, असे आपण संपादकांना कळवले आहे.

ती ओळ वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझा जन्म मराठवाड्यातला. कोयता हा शब्द मी लहानपणापासून ऐकते आहे. दिवाळीच्या आसपास ‘अमक्या मुकादमाकडं वीस कोयते भरले’ असे कोणी म्हणाले, तर चाळीस माणसे गाव सोडून चालली आहेत, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आणि म्हणूनच मी विचारले नव्हते. जे मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते, ते आपल्याला ठाऊक नव्हते, आणि आपण ते माझ्याकडून नव्हे, तिच्याकडून ऐकू इच्छित होता. ‘तिला विचारले का’ यातला तो ‘तिला’ मला आजही आठवतो. या लेखावर तोवर मत देणाऱ्या कोणालाही त्या बाईला काही विचारावे असे वाटले नव्हते. तिच्याबद्दल मला विचारून सगळ्यांचे भागत होते.

संपादकांनी मुदत दिली. पाडव्यानंतर टोळ्या परतल्या तेव्हा मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या तिच्या गावी गेले. तिचे मूळ वाक्य, ज्यात पिशवी म्हणजे गर्भाशय, मी तिला वाचून दाखवले: ‘पिशवी काढली म्हणून कोयता टिकला, न्हाईतर मोडला असता.’ आणि आपला प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिला तो आधी खुळाच वाटला. मग धान्य निवडता निवडता ती म्हणाली, ‘अर्ध्या कोयत्याला उचल कोण देतंय, ताई?’

माझा सारा लेख त्या एका वाक्याने हलला. तोपर्यंत मी शस्त्रक्रियेचे कारण दवाखान्यात शोधत होते. कॅन्सर होईल अशी घातलेली भीती, डॉक्टरांचा नफा, बायकांना न दिलेली माहिती, हे सगळे खरेच आहे आणि लेखात ते अजूनही आहे. पण तिने सांगितलेले कारण दवाखान्याच्या आधीचे होते. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते. बाई दर महिन्याला चार दिवस आजारी पडली, तर खाडा धरला जातो आणि उचलीतून पैसे वळते होतात; ती उसाच्या फडावर जाऊच शकली नाही, तर नवरा अर्धा कोयता ठरतो आणि घेतलेली उचल फिटत नाही. तिच्या हिशेबात पिशवी ही त्या करारातली एक अडचण होती, आणि ती तिने कर्ज काढून दूर केली होती. हत्यार, जोडपे आणि रोजगार हे तीन अर्थ मी तीन पानांवर वेगळे ठेवले होते; ती एका शब्दात तिन्ही सांगत होती. लेखाची मांडणी मी नव्याने केली, ‘कोयता’, ‘उचल’, ‘खाडा’ आणि ‘पिशवी’ हे शब्द मूळ रूपात ठेवले, आणि घासलेली वाक्ये पुन्हा खडबडीत केली. आपण दुसऱ्या वाचनानंतर ती तशीच राहू द्यावीत असे संपादकांना कळवलेत, त्याबद्दलही ऋणी आहे.

शोधनिबंध छापण्यापूर्वी तो बाहेरच्या जाणकारांना दाखवायचा, ही चाल वाटते तेवढी जुनी नाही. ‘नेचर’सारख्या नियतकालिकानेही ती सरसकट लागू केली ती १९७३ साली. या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत, बढतीत फारसा हिशेब धरला जात नाही, आणि नाव तर कुठेच येत नाही. नाव नसल्यामुळे कोणी वाटेल तसा फटकारा मारून मोकळा होतो, हे मी भोगले आहे. आपणही त्याच पडद्याआड होता. परिशिष्ट न वाचता अभिप्राय दिला असतात, तरी मला किंवा संपादकांना ते कधी कळले नसते. कोणी बघत नसताना, ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा लोकांसाठी एक संध्याकाळ घालवावी, असे आपल्याला वाटले. अशी माणसे आहेत म्हणून विद्येचा हा गाडा रडतखडत का होईना चालतो, असे मला वाटते. गावात रस्त्यातला दगड बाजूला करून कोणाला न सांगता पुढे जाणारे असतात, तशी.

छापील लेखाच्या शेवटी ‘अनामिक परीक्षकांचे आभार’ अशी ओळ आहे. ती प्रथेची ओळ असल्याने तिच्यात हे काहीच मावले नाही, म्हणून हे पत्र.

एक राहिले. त्या दिवशी निघताना मी तिला सांगितले की हा प्रश्न माझा नव्हता, दूर कुठेतरी बसलेल्या एका व्यक्तीने तो विचारायला लावला, आणि त्या व्यक्तीचे नाव मलाही ठाऊक नाही. ती थोडा वेळ सूप हलवत राहिली आणि मग तिने विचारले, ‘त्यांच्याकडं ऊस असतो का?’ मला उत्तर देता आले नाही. आपल्या नजरेस हे पत्र कधी आलेच, तर तेवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
त्या लेखाची लेखिका