झिम्बाब्वे : एका ओळीत न मावणारे नाव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत देशांच्या नावांचे अर्थ देणाऱ्या चौकटीत 'झिम्बाब्वे : दगडी घरे' एवढेच छापून आले. अर्थ चुकीचा नाही. तिथल्या शोना लोकांच्या भाषेत 'द्झिंबा द्झा माब्वे' म्हणजे दगडांची घरे, आणि ही व्युत्पत्ती सर्वाधिक प्रचलित आहे. काही अभ्यासक मात्र 'मानाची घरे', म्हणजे राजाचे किंवा सरदाराचे निवासस्थान, असा अर्थ लावतात. मला तोच अधिक पटतो. आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदरावरचा पोर्तुगीज कप्तान व्हिसेंते पेगादो याने १५३१ मध्येच नोंदवले आहे की तिथले लोक अशा दगडी वास्तूंना 'सिंबाओए' म्हणतात आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दरबार असा होतो. आपल्याकडे 'वाडा' म्हटले की भिंतींबरोबर वाड्याचा धनीही डोळ्यांपुढे येतो, तसे हे असावे.

हे नाव देशाला मिळाले ते आजच्या मस्विंगो शहराजवळच्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या राजधानीवरून. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोनांच्या पूर्वजांनी ती उभारली. ग्रॅनाइटचे चिरे चुन्यामातीशिवाय एकावर एक रचलेले, आणि मोठ्या कोटाची भिंत काही ठिकाणी अकरा मीटर उंच. तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे आणि भारतातून गेलेले काचेचे मणी सापडले. सोन्याच्या व्यापारामुळे हे शहर हिंदी महासागराशी, म्हणजे आपल्याशीही, जोडलेले होते.

आणि तरीही हे आफ्रिकी माणसांनी बांधलेच नाही, असे जगाला कित्येक दशके सांगितले गेले. १८७१ मध्ये आलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाला दारावरच्या तुळईच्या लाकडाचा वास आपल्या शिसपेन्सिलीसारखा वाटला. तेवढ्यावरून त्याने ते लाकूड लेबनॉनचे सीडर ठरवले आणि वास्तूचा संबंध थेट बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडला. लाकूड स्थानिक झाडाचे होते. पुढे सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याच्या कंपनीने प्रदेश बळकावला, १८९५ मध्ये त्याला ऱ्होड्सच्याच नावावरून 'ऱ्होडेशिया' हे नाव दिले, आणि फिनिशियन-अरब बांधकामाची कथा गोऱ्या वसाहतवाल्यांना फार सोयीची ठरली. रिचर्ड हॉल नावाच्या गृहस्थाने तर साफसफाईच्या नावाखाली पुराव्यांचे थरच्या थर उपसून फेकले. हे वाचताना आजही संताप येतो. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या पुरातत्त्वज्ञांनी बांधणारे आफ्रिकीच होते हे दाखवून दिले. तरी ऱ्होडेशियाच्या सरकारला ते पचले नाही. १९६५ मध्ये तिथला गोरा पंतप्रधान इयान स्मिथ याने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर अभ्यासकांवरचे दडपण वाढतच गेले आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला.

म्हणूनच १९६० च्या दशकात झापू आणि झानू या गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकी पक्षांनी आपल्या नावातच 'झिम्बाब्वे' घेतले, याचे मोल मला फार वाटते. ज्या भिंती तुमच्या नव्हेतच असे राज्यकर्ते बजावत होते, त्याच भिंतींचे नाव त्यांनी आपल्या भावी देशाला दिले. १९७९ मध्ये काही महिने 'झिम्बाब्वे-ऱ्होडेशिया' असे जोडनावही चालवून पाहण्यात आले. अखेर १८ एप्रिल १९८० रोजी ऱ्होड्सचे नाव गेले. नव्या ध्वजावर त्याच अवशेषांत सापडलेला, शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेला पक्षी आला. दोन वर्षांनी राजधानी सॉल्सबरीचे नाव हरारे झाले. आपल्या क्रिकेटप्रेमींना हरारे १९९२ पासून ठाऊक आहे. झिम्बाब्वेची पहिली कसोटी तिथे भारताशीच झाली होती.

शालेय मुले ही चौकट कापून वहीत चिकटवतात, असे मी माझ्या गावात पाहते. त्यामुळे विनंती अशी की आफ्रिकेतील पुढच्या देशांबद्दल लिहिताना अर्थासोबत ते नाव कोणी दिले, कधी दिले आणि त्याआधी कोणते नाव लादलेले होते, एवढे तरी द्यावे. घाना आणि बुर्किना फासो यांच्या बाबतीत तर ते दिल्यावाचून नाव समजणारच नाही. जागा कमी पडत असेल तर एका आठवड्यात एकच देश घ्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, मिरज