आधी सप्तपदी, मग कार्यालय

सांगली, ५ नोव्हेंबर २०२५

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही. तुझ्या आईनं फोन घेतला आणि विषय शुक्राच्या अस्तावर गेला. म्हणून सविस्तर लिहितो. व्हॉट्सॲपवर एवढं कोणी वाचत नाही.

तुझी तक्रार अशी, की सायलीकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड असताना तुला तिकडे जायला इतका वेळ का लागावा. वेळ लागतोय तो कार्ड आहे म्हणूनच. ती एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असती, तर लग्नानंतर तू एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा काढून तिच्या मागोमाग गेला असतास. ती अमेरिकेची नागरिक असती तर नवऱ्याच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादाच नसती. ती आज या दोन्हींच्या मधे आहे. कायम रहिवाशाच्या, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याच्या, जोडीदारासाठी एफ-२ए नावाची वेगळी रांग असते आणि तिला दरवर्षीचा कोटा असतो. भारतीयांना नोकरीच्या ग्रीन कार्डासाठी जशी पिढीभर वाट पाहावी लागते तसं इथे नाही, कारण या रांगेतले तीन चतुर्थांश व्हिसे ‘एका देशाला इतकेच’ या मर्यादेतून सोडलेले आहेत. २०१९ च्या जुलैपासून २०२३ च्या मार्चपर्यंत तर ही रांग मोकळीच होती. एप्रिल २०२३ मध्ये, कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज पुढे घ्यायचे ती तारीख मागे सरली आणि तेव्हापासून थांबावं लागतं. मी दोन ते तीन वर्षं धरून चाललोय.

रांगेतला तुझा नंबर सायली आय-१३० हा नवऱ्यासाठीचा अर्ज दाखल करेल त्या दिवशी लागतो. अर्ज तिचा, तू नुसता लाभार्थी. आणि लग्न झाल्याशिवाय तो अर्ज करता येत नाही. वाग्दत्त वरासाठीचा के-१ व्हिसा फक्त नागरिकांना मागता येतो, तिला नाही. साखरपुड्याचे फोटो कितीही छान आले असले तरी तिथे त्यांची किंमत शून्य.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या होणाऱ्या व्याह्यांना पुढच्या डिसेंबरात पुण्यात मोठं कार्यालय घेऊन थाटात लग्न करायचंय. करू दे, त्यांची एकुलती एक मुलगी आहे. पण सायली या डिसेंबरात तीन आठवडे येतेच आहे. तेव्हाच घरच्या माणसांत लग्न लावावं, सप्तपदी व्हावी आणि लगेच विवाहनोंदणी करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हिंदू विवाह कायद्यात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, किती पंगती उठल्या हे तो विचारत नाही. नोंदणीचा दाखला हातात आला की तिनं परत जाऊन जानेवारीत अर्ज टाकावा. कार्यालय, बँड, रिसेप्शन पुढच्या वर्षी.

शुक्राचा अस्त डिसेंबरच्या मध्यापासून आहे, हे तुझ्या आईचं म्हणणं खरं आहे. पण काढीव मुहूर्त कशासाठी असतात? गुरुजींशी मी बोललोय, ते देतो म्हणाले.

सायलीला कार्ड मार्च २०२२ मध्ये मिळालं. पाच वर्षांनी नागरिकत्व, आणि त्याचा अर्ज ९० दिवस आधी टाकता येतो, म्हणजे पुढच्या डिसेंबरात. मग तू म्हणशील, ती नागरिक होईपर्यंत थांबूया, तेव्हा रांगच नसेल. हाच हिशेब बहुतेकांचा चुकतो. आय-१३० तपासून मंजूर व्हायलाच वर्षभर सहज जातं. तो आत्ता टाकला तर ती नागरिक होईल तोवर मंजुरी हातात असेल किंवा जवळ आली असेल. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाठवलं की तोच अर्ज बिनरांगेच्या वर्गात जातो, नवा करावा लागत नाही. आणि तिचं नागरिकत्व काही कारणानं लांबलं, तरी एफ-२एमधला नंबर आहेच. आत्ता अर्ज करण्यात तोटा कुठला ते मला दाखव.

आणखी एक. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड सशर्त, दोन वर्षांचं मिळतं. मग शेवटच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, संसार खरा आहे याचे पुरावे द्यायचे. डिसेंबर २०२५ चं लग्न असेल आणि तू २०२७ संपता संपता किंवा नंतर गेलास, तर ही कटकट टळून थेट दहा वर्षांचं कार्ड. थांबण्याचा एवढा तरी फायदा.

तुझ्या ऑफिसातला तो मित्र सांगतो, की पासपोर्टवर बी-१/बी-२ हा तात्पुरत्या भेटीचा व्हिसा आहेच, त्यावर जा आणि तिथेच कार्डाचा अर्ज टाक. त्याचं ऐकू नकोस. नागरिकाच्या नवऱ्याला मुदत ओलांडल्याची सूट मिळते, कायम रहिवाशाच्या नवऱ्याला मिळत नाही. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलास तर तीन वर्षं बंदी, वर्षाहून जास्त राहिलास तर दहा वर्षं. भेटायला जरूर जा, पंधरा दिवस, परतीचं तिकीट आणि नोकरीचं पत्र घेऊन. विमानतळावर विचारलं तर बायको इथे राहते, अर्ज चालू आहे, हे खरं सांग. परत पाठवलं तर तिकीट वाया जाईल, व्हिसाही रद्द होऊ शकतो. खोटं बोलून पकडला गेलास तर कायमचं दार बंद.

त्यापेक्षा कंपनीत एल-१ ची, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाची, चौकशी कर. तुमचं मुख्य कार्यालय तिकडेच आहे आणि तुला इथे वर्षाहून जास्त झालंय. एल-१ आणि एच-१बीला कायम राहण्याचा इरादा असला तरी अडचण येत नाही, शिक्षणाच्या एफ-१ला येते. एच-१बीची आशा मात्र सोड. लॉटरी आहेच, वर सप्टेंबरपासून भारतातून नव्यानं जाणाऱ्यामागे कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे.

तुझ्या आईची योजना वेगळीच आहे, सूनबाईला वर्षभर इकडेच ठेवून घ्यायची. तसं चालणार नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, शिवाय पाच वर्षांतले किमान ३० महिने तिथे भरावे लागतात. यायचं तर थोड्या थोड्या दिवसांसाठी.

एका गोष्टीचा तुला संकोच वाटेल. तुझ्या पोषणाची हमी सायलीला लिहून द्यावी लागेल, आणि तिचा पगार कमी पडला तर सहहमीदार म्हणून तिच्या वडिलांना, अर्थात तेही अमेरिकेत राहणारे नागरिक किंवा कायम रहिवासी असतील तरच. ती हमी घटस्फोटानंही सुटत नाही, इतकी पक्की असते. सासऱ्यांची सही घेण्यात कमीपणा मानू नकोस, पण त्यांना हे आधी समजावून सांग. सही करताना कळायला नको.

कागदांचं मी पाहतोय. तुझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे आणि पासपोर्टवर सासरचं. दोन्ही बाई एकच, हे दाखवायला आमचं लग्न नोंदलेलं हवं. ते कुठे होतं? म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघं तीन साक्षीदार घेऊन विवाहनोंदणीला गेलो. कारकून पोरानं लग्नपत्रिका मागितली. तुझ्या आईनं ट्रंकेतून काढून आणलेली पत्रिका पाहून तो आधी हसला, मग त्यानं मुकाट शिक्का मारला. उशिराचा दंडही भरला.

हे सगळं आधी सायलीला सांग. लग्न दोनदा करायचं की नाही हे तिनं ठरवायचं, माझ्या हिशेबानं नव्हे. ती हो म्हणाली तर तिच्या वडिलांशी मी बोलेन. आणि शनिवारी येताना पासपोर्ट, आधार आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला घेऊन ये. नोंदणीचा अर्ज मी भरून ठेवतो, गुरुजींची सही त्यावर लागते.

तुझा,
बाबा