फक्कीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर झालं, त्याची फोटोसह बातमी आपल्या अंकात वाचली. शिबिर चांगलंच झालं असणार. पण त्या दिवशी शाळेने मुलांना दोन तास लवकर सोडलं होतं. त्यातली बारा-तेरा पोरं दप्तरासकट माझ्या मैदानावर आली. ‘आज पोरींचं काहीतरी हाय, आम्हाला सुट्टी,’ असं सांगत होती. त्या सुट्टीबद्दल मला लिहायचं आहे.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षं कबड्डी शिकवतो. एसटीच्या कार्यशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पोरं अण्णा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या संघातला सतरा वर्षांचा चढाईपटू पोक्सोखाली, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पकडला गेला. मुलगी दहावीतली. त्याच्या वडिलांबरोबर मी बालनिरीक्षणगृहात भेटायला गेलो. बाप तर बोलूच शकत नव्हता. पोरगा खाली बघून मला म्हणाला, ‘अण्णा, ती नाही म्हणालीच नाही. गप्पच होती.’ तो शिक्षा चुकवायला बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. सहा वर्षं मी त्याला दम कसा टिकवायचा, पकडीतून कसं सुटायचं, मध्यरेषेला हात कसा पोचवायचा हे शिकवलं. घाबरलेलं माणूस गप्प होतं, त्याचं अंग आखडतं आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘हो’ नसतो, हे त्याला ना मी सांगितलं, ना घराने, ना शाळेने. त्या मुलीची शाळा सुटली. घरच्यांनी तिला मामाकडे धाडलं. तिने काय केलं होतं म्हणून तिने गाव सोडायचं, या प्रश्नाने मला अजून झोप लागत नाही.

त्यानंतर मी माझीच भाषा तपासली. सामना हरला की मी पोरांना ‘बांगड्या भरा’ म्हणायचो. स्टँडवर शिट्ट्या मारणाऱ्या पोरांकडे ‘वय आहे’ म्हणून काणाडोळा करायचो. दोन्ही बंद केलं. आणि दर शनिवारी सरावानंतर पोरांना घेऊन बसायला लागलो. मला सगळं येतं असं नाही. म्हणून उपजिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताई महिन्यातून एकदा येतात, कधी ईश्वरपूरच्या (आधीचं इस्लामपूर) एक वकीलबाई येतात.

सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग मैदान आखायच्या फक्कीचा एक रिकामा डबा ठेवला. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. पहिल्या शनिवारी तीन चिठ्ठ्या आल्या, महिनाभराने डबा भरायला लागला. ‘पोरगी हसून बोलली म्हणजे तिच्या मनात हाय का?’ ‘मोबाइलवर दिसतं तसंच खरं असतं का?’ ‘मित्राने तिचा फोटो ग्रुपवर टाकला, मी फक्त बघितला, माझ्यावर केस होते का?’ एवढे सरळ प्रश्न या पोरांच्या पोटात होते आणि उत्तर द्यायला मोबाइलशिवाय कुणी नव्हतं.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची संमती मानतच नाही. ‘तिची पण इच्छा होती’ हे तिथे चालत नाही. मग त्यांनी आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजचं प्रकरण सांगितलं. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयालाच खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिलं गेलं की, स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. हे ऐकताना पोरं इतकी शांत बसली होती की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. शेवटी एक नववीतला म्हणाला, ‘मग हे आम्हाला शाळेत का नाय सांगत?’

का नाही सांगत, तर आपण मोठी माणसं घाबरतो म्हणून. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास जाहीर केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. त्याच वर्षी आपल्या राज्याने शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले, त्यांचा संताप खरा होता. मग शाळाशाळांतून कॅमेऱ्यांची चर्चा झाली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायला शासनाने २०२२ मध्येच सांगितलेल्या सखी सावित्री समित्यांची आठवण सगळ्यांना तेव्हा झाली. कॅमेरे हवेतच, समित्याही हव्यात. पण माझ्या संघातल्या पोराच्या डोक्यात जे होतं, ते कॅमेऱ्याला दिसलं नसतं.

निम्म्याहून जास्त मुलगे, हा आकडा मी वाचला तेव्हा मला तो परका वाटला होता. मग एका शनिवारी डब्यात चिठ्ठी निघाली, ‘लहानपणी नात्यातल्या एकाने माझ्याबरोबर केलं. आता कुणाला सांगायचं?’ स्पर्धेचे प्रवेश अर्ज मीच भरून घेतो, त्यामुळे अक्षर मी ओळखलं. त्या बाजूला नजर जाऊ दिली नाही. सगळ्यांना १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर दिला. अशी गोष्ट समजली की पोलिसांना कळवणं कायद्याने माझ्यावर बंधनकारक आहे, हेही खरं खरं सांगितलं आणि उद्यापासून मी सरावाच्या तासभर आधी मैदानावर असेन, एवढं म्हणालो. चौथ्या दिवशी तो आला. पाण्याच्या टाकीजवळ बराच वेळ नुसता उभा राहिला. पुढचं लिहायचा मला अधिकार नाही. तो आज एकटा नाही, एवढं सांगतो.

दोन पालकांनी पोरं काढून घेतली. ‘अण्णा, खेळ शिकवा, हे नको,’ म्हणाले. एकाच्या घरी मी तीनदा गेलो, उपयोग झाला नाही. पण ज्याचा मुलगा पकडला गेला होता, तो बाप एका शनिवारी येऊन मागे बसला. आता जमेल तेव्हा येतो.

माझं मागणं असं आहे. मुलींची शिबिरं घ्या, पण त्या दिवशी मुलांना घरी सोडू नका. आणि शाळेवरच थांबू नका, कारण शाळा सोडलेली पोरं शाळेत भेटत नाहीत. ती तालमीत, मैदानावर आणि गणपती मंडळाच्या मांडवात भेटतात. तिथल्या वस्तादांनी, प्रशिक्षकांनी, मंडळांच्या अध्यक्षांनी हे अंगावर घ्यावं. पोरं आमचं ऐकतात. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रशिक्षकांच्या शिबिरात दुखापतीचा तास ठेवतात तसा याचाही एक तास ठेवावा आणि तो घ्यायला समुपदेशक व वकील बोलवावेत.

आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेसहाला बसतो. आसपासच्या गावांतल्या प्रशिक्षकांनी येऊन मागे बसलं तरी चालेल. डब्यातले सगळ्यांना विचारता येतील असे प्रश्न मी एका दोनशे पानी वहीत माझ्या अक्षरात उतरवून ठेवले आहेत. एकशे चौदा झालेत. मागेल त्याला झेरॉक्स देईन.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक, ता. वाळवा, जि. सांगली
(पोरांची ओळख पटू नये म्हणून नाव व गाव छापू नये, ही विनंती.)