हँडल थरथरतंय म्हणून लगेच पाना उचलू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तीनचाकीबद्दलचं (पुढे दोन चाकं, मागे एक, आणि मोटारसायकलसारखं हँडल) पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या तशाच गाडीबद्दल मी अगदी हेच रडगाणं गात होतो. ताशी नव्वदच्या पुढे थरथर, हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढते, आणि सकाळी स्टार्ट करताना पडद्यावर सगळे दिवे एकदम पेटतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र धस्स झालं. शेवटच्या ओळीत तू लिहिलंयस, ‘रविवारी पुढचं स्टिअरिंग सगळं खोलून बघतो.’ खोलू नकोस. हे पत्र संपेपर्यंत तरी पाना पेटीतच राहू दे.

माझी गाडी उजवीकडे ओढायची. पुढे दोन चाकं, हँडल पुढे, ओढ जाणवते हातांना. मग दोष पुढेच असणार, असं माझं गणित. तीन रविवार पुढच्या चाकांशी झोंबलो. टाय रॉड (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्या) फिरवले, परत फिरवले, मूळची खूण कुठे होती तेच विसरलो. चौथ्या रविवारी सहज मागच्या चाकाशी बसलो, तर ते चाक फिरवणाऱ्या बेल्टच्या एका कडेला काळी बारीक भुकटी. बेल्ट पुलीच्या कडेला घासत होता. महिनाभरापूर्वी मीच बेल्टचा ताण वाढवला होता आणि ॲक्सलचा डावा स्क्रू उजव्यापेक्षा जास्त मागे ओढला होता. म्हणजे मागचं चाक किंचित डावीकडे तोंड करून चालत होतं, शेपूट डावीकडे सरकवत होतं आणि नाक उजवीकडे वळवत होतं. मागून कुणीतरी ढकलत होतं आणि मी पुढच्याचं मानगूट धरून बसलो होतो. ह्या गाडीत दुखतं एकीकडे आणि दुखणं असतं भलतीकडे. म्हणून खोलण्याआधी मोजायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सुरुवात हवेपासून कर. ही टायरं दिसायला कारसारखी, पण गाडीचं वजन कारच्या मानाने फारच कमी. त्यामुळे हवाही कमी लागते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पुढे 18 आणि मागे 28 पीएसआय आहे. तुझ्या पुस्तिकेत काय आहे ते बघ. हवा भरणारा टायर बघतो आणि सवयीने 32 भरून मोकळा होतो. मग गाडी रस्त्यावरून चालत नाही, उड्या मारते. मोजायची ती टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. आणि गेज कमी दाबाचं, बारीक खुणांचं घे. 18 मध्ये 2 चुकले की एक दशांशाहून जास्त चुकलं, आणि ती चूक दोन पुढच्या चाकांत वेगवेगळी असली की ओढ तिथेच तयार होते.

हवा बरोबर करूनही थरथर राहिली, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर हे करून बघ. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग ठेवून एक गिअर बदल. इंजिनाचे फेरे बदलले, तरी थरथर तिथेच, तेवढीच? मग इंजिन निर्दोष. चाक, टायर किंवा बेल्ट बघ. आता तोच वेग असताना ॲक्सिलरेटर हळूच सोड. थरथर त्या क्षणी बदलली किंवा गायब झाली, तर संशय बेल्टवर, कारण जोर काढला की त्याचा ताण बदलतो. काहीच फरक पडला नाही तर चाकाचं बॅलन्सिंग किंवा टायरच. बेल्टची थरथर बहुधा सीटमधून आणि पायाखालून येते, पुढच्या चाकाची हातातून. तू ‘हँडल थरथरतं’ असं लिहिलंयस, पण खरंच हँडल का, ते नीट बघ. मलाही सुरुवातीला सगळंच हँडल वाटायचं.

ओढीसाठी आधी रस्त्याला दोष देऊन बघ. बहुतेक रस्त्यांना पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो, आणि तीन चाकांची गाडी तो उतार दुचाकीसारखा कलून पचवत नाही. रस्ता अगदी सपाट असेल तिथे बघ. तिथेही ओढली, तर आठदहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालव, थांब, आणि हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या डिस्कजवळ ने. लावू नकोस, जवळच ने. एक बाजू भट्टी आणि दुसरी कोमट असेल, तर गरम बाजूचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा ब्रेकचा भाग) अडकतोय. त्याच्या सरकणाऱ्या पिना साफ कर, ग्रीस लाव, तेही ब्रेकला चालणारंच.

आता टायरवरून तळवा आडवा फिरव. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना बोटांना कडा टोचत असतील, तर पुढची चाकं नाकं जुळवून चालताहेत, टो-इन जास्त आहे. उलट असेल तर उलट. हे मोजायला लेझर लागतंच असं नाही. हँडल सरळ बांध, सीटवर तुझ्या वजनाचं कुणीतरी बसव (वजनाने सस्पेन्शन दबतं आणि माप बदलतं). दोन्ही टायरांच्या मधोमध, पुढच्या टोकाला, ॲक्सलच्या उंचीवर खडूने खूण कर. तिथून ओळंबा सोड, जमिनीवर ठिपके काढ, दोन ठिपक्यांमधलं अंतर लिही. मग गाडी हळूच पुढे ढकल, त्याच खुणा मागच्या टोकाला येईपर्यंत, आणि पुन्हा ओळंबा, पुन्हा अंतर. तीच खूण दोनदा मोजल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी माप फसत नाही. दोन्ही मापांतला फरक तुझा टो. तो किती हवा हे पुस्तिका सांगेल. हे सगळं मागचं चाक सरळ आहे याची खात्री झाल्यावरच, नाहीतर माझ्यासारखे तीन रविवार जातील.

गंमत म्हणजे कार्ल बेन्झने 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीलाही तीनच चाकं होती, पण पुढे एक. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, हा दोन चाकं वळवण्याचा पेच त्याच्या मनासारखा सुटला नव्हता. त्याने त्यावरचं पेटंट घेतलं ते 1893 मध्ये. त्याने सात वर्षं टाळलेलं दुखणं तू हौसेने विकत घेतलंयस.

गाडी उचलशील तेव्हा एक लक्षात ठेव. पार्किंग ब्रेक बहुतेक अशा गाड्यांत मागच्या चाकाला असतो. मागचं चाक जॅकवर गेलं की गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी, म्हणजे आधी पुढे लाकडाचे ठोकळे. पुढून उचललीस तर चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलव. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तीन आणि नऊवर धरून हललं आणि बारा-सहावर हललं नाही, तर टाय रॉडचा सांधा. चाक हलवताना दुसऱ्याला सांध्यावर बोट ठेवून बसव, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. आणि चाक हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नकोस. बेल्टमध्ये बोट जायची भीती तर आहेच, शिवाय एक चाक फिरतंय आणि दोन उभी, हे बघून स्थिरता सांभाळणारा संगणक गांगरतो आणि नवे दिवे लावून बसतो.

सकाळच्या दिव्यांचं मूळ मला तरी बॅटरीतच वाटतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, स्टार्टर फिरताना साधारण 10 च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू झाल्यावर 14 च्या आगेमागे. व्होल्टेज खाली गेलं की गाडीतला एकेक छोटा संगणक तक्रार करतो आणि आपण सेन्सर बदलत सुटतो. बॅटरी चांगली निघाली तर मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून स्टार्ट मार. जवळजवळ शून्य दिसायला हवं. माझ्या गाडीत अर्धा व्होल्ट दिसला होता. बोल्ट सैल आणि आत पांढरी बुरशी. घासला, आवळला, दिवे गेले.

ऑइलबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुझं इंजिन ड्राय सम्पचं, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारं, असेल तर थंड असताना ऑइल मोजायची पट्टी खोटं बोलते. मी थंड्या इंजिनात ‘कमी’ वाचून अर्धा लिटर ओतलं होतं. जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये गेलं आणि मागे निळा धूर. गाडी गरम कर, पुस्तिकेत सांगितलंय तसं बघ, मगच ओत.

ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदलच, हवेतली ओल ते शोषतं. त्यावर आणखी लिहीत नाही.

रविवारी फक्त हवा, डिस्कची ऊब, आणि बेल्टच्या कोणत्या कडेला भुकटी आहे ते एवढंच बघ. काय दिसलं ते मला लिहून कळव. आणि टाय रॉडला हात लावणारच असशील, तर आधी रंगाने खूण कर, बाबा. माझी खूण कुठे होती ते मला अजून आठवलेलं नाही.

तुझाच,
तीन रविवार वाया घालवलेला मित्र