बिल थकले, टँकर थांबला

कोल्हापूर,
21 मे

प्रिय दिनू,

अंक मिळाला. आंब्याच्या पेटीला बांधून एसटीच्या पार्सलने पाठवलास, त्यामुळे पहिल्या पानाला थोडा चीक लागलाय, पण वाचता येतंय. आंबे अजून अढीत आहेत, तेव्हा आधी अंकाचं बोलतो.

चार पानं, छपाई स्वच्छ, जाहिराती पोटापुरत्या. तीस वर्षं बँकेत व्हाउचरं तपासलेल्या माणसाने निवृत्तीनंतर साप्ताहिक काढायचं, हा मला तेव्हा वेडेपणा वाटला होता. अजूनही थोडा वाटतो. पण बातम्या तू खऱ्या आणतोस, स्वतः वाडीवर पायपीट करून आणतोस. आणि मग त्यांच्या डोक्यावर असे मथळे ठेवतोस की खाली काही घडलंय याचा कुणाला वासही लागू नये.

"मथळा कसा द्यायचा ते एकदा नीट लिहून पाठव," असं चिठ्ठीत म्हणतोस. नीट म्हणजे एक, दोन, तीन असे नियम हवे असतील तर ते माझ्याकडे नाहीत. तुझेच मथळे घेऊन बसतो.

मुख्य बातमी: "तालुक्यातील पाणीपुरवठ्यासंदर्भात ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सविस्तर चर्चा". दिनू, हे इतिवृत्त झालं. सभेत चर्चा होणारच, मारामारी झाली असती तर सांगायचं. मी नेटाने वाचत गेलो. अध्यक्ष कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण. पाचव्या परिच्छेदात, आभार मानायच्या जरा आधी, सापडलं: ठेकेदाराचं बिल थकलं म्हणून टँकर येईना आणि तीन वाड्यांना 11 दिवस पाणी नाही. अरे, हे पाचव्या परिच्छेदात?

कागद ओढला, सवयच आहे. आधी लिहिलं, "तीन वाड्यांना पाणीटंचाईचा फटका". खोडलं. फटका, दणका, झळ हे शब्द आमच्या पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे देतो त्या टेबलावर, खाऱ्या दाण्यांसारखे पडलेले असतात. हात आपोआप जातो, पोट काही भरत नाही. शिवाय टंचाई म्हटलं की दोष आभाळाचा. इथे टँकर आहे, विहिरीला पाणी आहे, फक्त पैसे दिलेले नाहीत. मग लिहिलं, "तीन वाड्यांचे पाणी तोडले". हे खोटं. मुद्दाम कुणी तोडलेलं नाही. मग "टँकर बंद, तीन वाड्या तहानलेल्या". बरं होतं, पण 'का' राहून गेलं, आणि 'तहानलेल्या'त मी उगाच गळा काढतोय असं वाटलं. चौथ्या खेपेला जमलं:

बिल थकले, टँकर थांबला
तीन वाड्या 11 दिवस पाण्याविना

वरची ओळ मोठ्या टाइपात, खालची निम्म्या. 'मुळे' कुठेही लिहिलेलं नाही, तरी एकामुळे दुसरं झालं हे कळतं. सरपंच रागावतील, पण बोट कुठल्या शब्दावर ठेवणार? वाड्यांची नावं बातमीच्या पहिल्याच वाक्यात घे.

मी डेस्कवर नवा होतो तेव्हा आमच्या मुख्य उपसंपादकांना सगळे अण्णा म्हणायचे. मथळा अडला की ते माझ्या हातातली बातमीची कॉपी घेऊन टेबलावर पालथी घालायचे. "हं, काय झालं?"

"अण्णा, महापालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत..."

"बैठक नको. काय झालं?"

"घरफाळा वाढला."

"लिही."

आमचं शिक्षण एवढंच. पण अण्णा आणखी एक म्हणायचे, ते मला फार उशिरा कळलं. मथळा बातमी वाचणाऱ्यासाठी नसतो, न वाचणाऱ्यासाठी असतो. टपरीवर शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारा, रिक्षाच्या सीटवर पडलेला अंक उलटा दिसणारा, दुकानाचं शटर उघडता उघडता पहिल्या पानावर नजर टाकणारा. हा माणूस पाच शब्द वाचून निघून जातो आणि त्या पाच शब्दांवर दिवस काढतो.

हे मला ज्याने शिकवलं तो प्रसंग तुला कधी सांगितलेला नाही. तेव्हा लाज वाटत होती.

एका पावसाळ्यातली गोष्ट. पंचगंगा फुगलेली. तुला इथलं ठाऊक नसेल म्हणून सांगतो, राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. सगळं शहर ते दोन आकडे पाठ असल्यासारखं बोलतं. त्या रात्री पाणी 42 च्या वर जाऊन थबकलं होतं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती निघून गेली होती, शहर आवृत्तीचं पान माझ्या हातात. साडेबाराला फोन आला की दोन इंच उतरलं. चार दिवस आम्ही सगळे त्या बातमीची वाट बघत होतो. मी आनंदाने आडवा मथळा ठोकला: "पंचगंगा ओसरू लागली". पान छपाईला सोडलं, घरी जाऊन झोपलो.

पहाटे वरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. दुपारपर्यंत पाण्याने 43 ओलांडलं.

संध्याकाळी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतले एक गृहस्थ ऑफिसात आले. अंगावर चिखल, हातात आमच्या अंकाची घडी. गणपती महिन्यावर आले होते. त्यांनी तयार मूर्ती माळ्यावर चढवून ठेवल्या होत्या, आणि सकाळी अंक बघून रंगकामासाठी खाली उतरवल्या. कच्ची माती पाण्यात किती वेळ टिकते ते तुला सांगायला नको. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घडी उलगडून मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे वाचून उतरवल्या हो." बातमीत मी पुढे लिहिलं होतं, 'धरणक्षेत्रात पावसाचा जोर कायम असून सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.' चौथा परिच्छेद. त्यांनी तो वाचला नव्हता, आणि वाचायला हवा होता असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या रात्री मला ठाऊक काय होतं? पातळी 42 फूट आणि दोन इंचांचा उतार, बस. 'ओसरू लागली' हे मी पदरचं घातलं होतं. "पंचगंगा 42 फुटांवर, रात्री दोन इंच उतार" एवढंच लिहायला हवं होतं. बेचव आहे, मान्य. पण मूर्ती माळ्यावर राहिल्या असत्या.

असो. दुसरा मथळा घेतो, पान दोन: "दानपेटी चोरणारा सराईत चोर जेरबंद". जेरबंद म्हणजे मुळात घोड्याने मान वर झटकू नये म्हणून बांधायचा पट्टा. आता बिबट्याही जेरबंद, चोरही जेरबंद, आणि घोडा तेवढा मोकळा! पण माझी तक्रार तिथे नाही. तुझ्या बातमीत पोलिसांनी एका पोराला फक्त चौकशीला नेलंय. तू त्याला चोर केलंस, वर सराईत केलंस. उद्या कोर्टाने सोडला तर गावात त्याला मुलगी कोण देईल? "दानपेटी चोरी: संशयावरून एक ताब्यात" एवढं पुरे. ताब्यात घेणं वेगळं, अटक वेगळी, शिक्षा वेगळी. बँकेत तू जमा आणि नावे यांची गल्लत खपवून घेतली असतीस का?

आता विभक्तीचं रडगाणं. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटत जातात आणि शब्द आगगाडीसारखा लांबतो. "जिल्हाधिकाऱ्यांकडून" हा एकच शब्द बसवला की एक कॉलम संपला. म्हणून मग जिल्हा परिषदेची झेडपी होते, राज्य सरकारचं 'मंत्रालय' आणि केंद्राचं 'दिल्ली'. इथवर ठीक. पण जागा वाचवायला प्रत्ययच खाल्ले की घोटाळा होतो. तुझ्या तिसऱ्या पानावर आहे, "शिक्षक मारहाणप्रकरणी गुन्हा दाखल". कुणी कुणाला मारलं? मी बातमी वाचेपर्यंत शिक्षकाला मनात शिव्या देत होतो, आणि मार त्यानेच खाल्ला होता. "शिक्षकाला मारहाण; पालकावर गुन्हा" लिही. लांबी जवळपास तेवढीच.

दोन ओळींचा मथळा असला की शब्द कुठे तुटतोय बघ, आणि ओळींत थोडी हवा ठेव. रोमन लिपीवाल्यांना हा त्रास कमी. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. तुझ्या 'मूल्यवृद्धी'च्या मथळ्यात अगदी तेच झालंय, भिंग लावून बघ.

आणि ते 'विवाहिता'. "विवाहितेचा विहिरीत मृतदेह". पुरुष सापडला असता तर 'विवाहित' लिहिलं असतंस? आम्हीही वर्षानुवर्षं लिहीत आलो. माझ्या मुलीने एकदा जेवताना विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता प्रश्नचिन्ह. "पुलाचे काम निकृष्ट?" असं तू शेवटच्या पानावर विचारतोस. कुणाला विचारतोस? वाचक तुला विचारायला अंक विकत घेतोय. तू म्हणशील, टिळकांनीही प्रश्नच विचारला. विचारला ना. रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यावर जी दडपशाही केली, तिच्यावर 1897 च्या जुलैत 'केसरी'त "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" आला. पण तो अग्रलेख होता, बातमी नव्हती, आणि प्रश्नातच उत्तर होतं. तुझ्या पुलाचा प्रश्न म्हणजे कंत्राटदार खटला भरेल या भीतीने घेतलेली छत्री. त्यापेक्षा मला टिळकांचे 1908 चे मथळे जास्त आवडतात. "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत". किती थंड आवाज आहे बघ. खळबळ नाही, उद्गारचिन्ह नाही. या लेखांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि 6 वर्षं मंडाले.

राहता राहिला तुझ्या पुतण्याचा सल्ला, की अंक मोबाइलवरही टाकावा आणि मथळे 'तसे' द्यावेत. मोबाइलवर जरूर टाक. पण 'तसे' म्हणजे कसे, ते मी रोज बघतो: "'या' कारणामुळे 'त्या' गावात...", "...आणि मग जे घडलं". अवतरणात कोंडलेलं ते 'या' बघितलं की मला दाराआडून शुक शुक करणारा माणूस आठवतो. सांगायचं असेल तर सांग की बाबा! अण्णा कॉपी पालथी घालून "काय झालं?" विचारायचे, आणि हे लोक उत्तरच पालथं घालून ठेवतात. पुतण्याचं एक मात्र ऐक. गावाचं नाव आधी घे, लोक तेच टाइप करून शोधतात.

दुसरी एक गंमत मोबाइलनेच शिकवली. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. गेल्या वर्षी नातवाच्या आईला सूचना आली: "मुसळधार पावसातही उद्या शाळा बंद राहणार..." आणि पुढे तीन टिंबं. तिने गजर बंद केला. उघडून बघितलं असतं तर पुढचा शब्द होता 'नाहीत'. "उद्या शाळा सुरूच" लिहिलं असतं तर पोरगं शाळेत असतं. (पोराची तक्रार नव्हती.) तेव्हा मोबाइलला टाकशील तेव्हा 'नाही' शेपटीला ठेवू नकोस.

पुढचा अंक गुरुवारी छापायला जातो ना? बुधवारी रात्री सगळे मथळे हाताने एका कागदावर लिही, बातम्यांशिवाय, आणि फोटो काढून मला पाठव. मी जागाच असतो, रात्रपाळी सुटली तरी झोप अजून दीडलाच येते. वहिनींना नमस्कार सांग. पेटीतले वरचे चार आंबे आज पिवळे दिसायला लागलेत.

तुझा,
विजू

ता. क. पुलाबद्दल तुझ्याकडे नक्की काय आहे? कठडा दोन ठिकाणी तुटल्याचा फोटो आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोन्ही असतील तर प्रश्नचिन्ह काढ आणि दाखल्याची तारीख घाल: "दाखला मार्चचा, कठडा मेमध्ये तुटला". दाखला हातात नसेल तर या अंकात पूल राहू दे.