माझ्या हातावर शिकवणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या शिरा पटकन सापडत नाहीत. सलाईन लावायला येणाऱ्यांनी आजवर हा माझाच गुन्हा ठरवला होता. सुई आत घालून फिरवत बसायचं आणि हात काळानिळा झाला की 'तुमच्या शिराच खराब आहेत हो' म्हणत ट्रे उचलायचा! त्यामुळे तुम्ही शिकाऊ मुलीला घेऊन आलात तेव्हा पोटात गोळाच आला. पण तुम्ही आधी विचारलंत, "ही शिकतेय, मी शेजारीच आहे. नको असेल तर मी लावते. आणि जेवता कुठल्या हाताने?" नाही म्हणायची मुभा होती, म्हणून तर हो म्हणालो. उजवा हात मोकळा ठेवून तुम्ही डावा घेतलात.

तिने गुलाबी कॅन्युला (शिरेत बसवायची सुईवरची नळी) उचलली होती. "शीर बारीक आहे, निळी घे. आणि डोळ्यांनी नको, बोटाने शोध. दाबून सोडली की उसळते, ती घे." तिने पट्टा बांधला, तेवढ्यात तिला काहीतरी शंका आली. तुम्ही उत्तर देता देता माझ्या दंडावरचा पट्टा सोडलात. शंका फिटल्यावर पुन्हा बांधलात. एवढंच. पण पट्टा आवळलेला बधीर हात घेऊन मी कितीदा बसलोय, आणि वर डोक्यावरून यांच्या गप्पा चाललेल्या! शिकवण्याच्या भरातही तो हात कुणाचा तरी आहे, हे तुमच्या ध्यानात होतं.

सुई आत गेली तरी रक्त दिसेना. दुसरं कुणी असतं तर सुई हिसकावून माझ्यादेखत तिला झापलं असतं (तेही पाहिलंय; झापलेली पोर पुढच्या पेशंटकडे थरथरतच जाते). तुम्ही फक्त खालची कातडी ताणून धरलीत. "सरकतेय ती, पळू देऊ नकोस." सुईच्या मागच्या कुपीत लाल थेंब चमकला. "आता आडवी कर, किंचित पुढे, मग नुसती नळी सरकव." तिच्याआधी मीच सुटकेचा श्वास सोडला.

कामाच्या रगाड्यात माणुसकीला वेळ कुठला, असं सगळेच म्हणतात. पट्टा सोडायला कितीसा वेळ लागतो हो?

त्या मुलीला सांगा, सलाईन संपेपर्यंत हात सुजला नाही. पट्टा सोडायची सवय तिनेही उचलली असेल, तर पुढच्या वेळी तिलाच पाठवा.