राजदंड खाली ठेवणारे राजे

पुणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कधीच नसलेल्या राज्याच्या राजांची वंशावळ मी इतक्या आस्थेने का वाचतो आणि त्यांतला कोणता राजा मला सर्वांत थोर वाटतो, असे तू मनापासून विचारले आहेस, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे इंग्रज लेखक टोल्किन यांना लहानपणापासून एक स्वप्न वारंवार पडत असे : एक प्रचंड लाट हिरव्या भूमीवर चालून येते आहे. त्या स्वप्नातून त्यांच्या कथांतले नूमेनोर हे बेट जन्माला आले, आणि एल्रोसपासून आर-फाराझोनपर्यंत त्याच्या गादीवर पंचवीस राज्यकर्ते झाले. आपण शाळेत सनावळ्या पाठ करायचो तशी मी ही यादी पूर्वी पाठ केली होती. पुढे वय वाढले तेव्हा लक्षात आले की या राजांना त्यांच्या विजयांवरून मापण्यात अर्थ नाही. राजदंड हातातून खाली ठेवण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक जण कसा वागला, यावरून त्या घराण्याचा उदय आणि अस्त दोन्ही उलगडतात.

मुळात हे घराणेच एका त्यागातून उभे राहिले. एल्रोस आणि एल्रोन्द हे जुळे भाऊ. मानव आणि एल्फ (टोल्किन यांच्या कथांतली अमर जमात) अशा दोन्ही कुळांचे रक्त अंगात असल्यामुळे आपण कोणत्या कुळाचे व्हायचे हे त्यांना निवडता आले. एल्रोन्दने एल्फांचे अमरत्व पत्करले, एल्रोसने मानवाचे मरण. त्याला पाचशे वर्षांचे आयुष्य लाभले, त्यांपैकी ४१० वर्षे त्याने राज्य केले आणि त्या कथांच्या कालगणनेतील द्वितीय युगाच्या ४४२ साली देह ठेवला. तेव्हा त्याचा मुलगा वार्दामीर ३८१ वर्षांचा होता. ग्रंथांत रमणाऱ्या या वृद्ध राजपुत्राने राजदंड स्वतःकडे न ठेवता तत्काळ आपल्या मुलाच्या हाती दिला; यादीत त्याच्या नावावर एकच वर्ष मांडलेले आहे. तेथून प्रथा पडली की राजाने जिवंतपणीच वारसाकडे राज्य सोपवावे आणि नंतर आयुष्य पुरे झाले असे वाटले की स्वेच्छेने प्राण सोडावा. आळंदीच्या संजीवन समाधीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला या मरणाचे नवल वाटत नाही, उलट ते ओळखीचे वाटते.

तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र तार-मेनेल्दुर, पाचवा राजा. हा ताऱ्यांचा अभ्यासक, त्याने बेटाच्या उत्तरेस वेधासाठी मनोरा बांधला होता. ८८२ साली मुलगा आल्दारिऑन समुद्रपर्यटनाहून परतला, तेव्हा त्याने मध्य-पृथ्वी या समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरील एल्फ राजा गिल-गालाद याचे पत्र आणले : पूर्वेकडे एक दुष्ट शक्ती पुन्हा डोके वर काढते आहे, साहाय्य हवे. पत्र वाचून मेनेल्दुर एकांतात मोठ्या पेचात पडतो. युद्धाची तयारी करावी, तर शांततेत वाढलेल्या प्रजेच्या हाती आपणच शस्त्र देऊन रक्ताची चटक लावल्यासारखे होईल. करू नये, तर उद्या शत्रू दारात आल्यावर तीच प्रजा निःशस्त्र मारली जाईल. दोन्ही मार्गांवरचे पाप त्याला स्पष्ट दिसते आणि दोन्हींतून निवड करण्यास आपण योग्य नाही हेही दिसते. म्हणून, मुलाशी तीव्र मतभेद असूनही, तो राज्य त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. याला कोणी पळ काढणे म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण काळ कोणाला हाक मारतो आहे हे ओळखणे आणि तो आपण नव्हे हे मान्य करणे याला फार बळ लागते.

पुढची घसरण संथ आहे. बाराव्या तार-किर्यातानने पित्याला राजदंड सोडण्यास भाग पाडले असे सांगतात. देण्याच्या प्रथेत घेण्याचा हव्यास तेथे शिरला. त्याचा मुलगा आतानामीर याने तर राजदंडही सोडला नाही आणि जीवही. मरण ही शिक्षा नव्हे, असे समजावण्यास पश्चिमेच्या देवतांकडून आलेल्या दूतांना त्याने झिडकारले आणि बुद्धी व शक्ती गेल्यावरही मृत्यूने ओढून नेईपर्यंत, १९२ वर्षे, तो गादीला चिकटून राहिला. ययातीने पुरूचे तारुण्य मागून घेतले, पण अखेर परत तरी केले. आतानामीरने काहीच परत केले नाही. त्यानंतर २८९९ साली विसाव्या राजाने एल्फांच्या भाषेतील राजनाव टाकून ‘पश्चिमेचा स्वामी’ अशा अर्थाचे आर-आदूनाखोर हे नाव घेतले. तरीही राजांच्या पटात त्याचे जुन्या भाषेतले नाव नोंदवले गेलेच, कारण जुनी रीत पूर्णपणे मोडली तर अनिष्ट घडेल ही धास्ती मनात होती. परंपरा मोडणाऱ्याचे हे भय मला फार खरे वाटते.

शेवट तुला ठाऊक आहे. तार-पालान्तीरने पश्चात्ताप करून मागे वळण्याचा प्रयत्न केला, पण ३२५५ साली तो वारल्यावर पुतण्या फाराझोनने त्याच्या मुलीशी, राज्याची खरी वारस असलेल्या मीरिएलशी, बळजबरीने विवाह करून राजदंड बळकावला. अमरत्व जिंकण्यासाठी त्याने मानवांना निषिद्ध असलेल्या, देवतांच्या पश्चिम भूमीवर आरमार नेले आणि ३३१९ साली ती स्वप्नातली लाट खरोखरच आली. पवित्र मेनेल्तार्मा पर्वतावर चढून जाण्याची धडपड करणाऱ्या मीरिएललाही तिने गिळले. हे वाचताना आजही माझा हात पानावर थांबतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हे पत्र लिहायला बसलो, ती. मेनेल्दुर हे चौथ्या राजाचे सर्वांत धाकटे अपत्य. थोरली होती सिल्मारिएन. त्या काळच्या नियमाने मुलीला गादी मिळत नसे. पुढे आल्दारिऑनला एकुलती एक मुलगी झाली तेव्हा त्याने नियम बदलला आणि अंकालिमे पहिली राज्यकर्ती राणी झाली, पण सिल्मारिएनला त्याचा उपयोग नव्हता. तिला पित्याकडून पूर्वज बाराहीरची जुनी अंगठी तेवढी मिळाली. तिचे वंशज पश्चिम किनाऱ्यावरील आन्दूनिएचे सरदार झाले, आणि प्रलयातून नऊ जहाजे घेऊन जे निसटले ते एलेन्दिल आणि त्याचे पुत्र याच शाखेचे.

राजांचा राजदंड फाराझोनबरोबर बुडाला. आन्दूनिएच्या सरदारांकडे मात्र मानाचा एक साधा चांदीचा दंड होता. तो एलेन्दिलबरोबर आला, मध्य-पृथ्वीवरील उत्तरेकडील राज्याचा राजदंड झाला, आणि पुढच्या युगाच्या अखेरीस एल्रोन्दने तो एलेन्दिलचा वंशज आरागॉर्न याच्या हाती दिला तेव्हा पाच हजारांहून अधिक वर्षांचा झालेला होता.

घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित